नसलेल्या हाताचे दुखणे



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, वाङ्मय, अध्यात्म, राजकारण अशा विषयांवर बोलणारी विद्वान मंडळी येतात. माझ्यासारखा कामगार चळवळीतला माणूस येथे उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता आणि संप यांविषयी बोलणार, असे आपण धरून चालता. आज मी त्यांपैकी कशावरही बोलणार नाही. मला एका दुखण्याविषयी बोलावयाचे आहे. मी डॉक्टर नाही. माझे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते निम्मे वाचनालयाच्या बाकावर आणि निम्मे दवाखान्याबाहेरच्या बाकावर झाले. दवाखान्याच्या बाकाने मला हा विषय दिला आणि वाचनालयाच्या बाकाने तो समजावून घ्यावयास लावला.

सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली. पुढे गिरण्या वाढल्या, आणि आपल्या डोळ्यांदेखत एकेक करून बंदही पडल्या. यंत्रमाग राहिले, चादर आणि टॉवेल राहिले. यंत्र आले तेथे यंत्राने घेतलेले हातही आले. पट्ट्यात सापडलेला हात, दात्यांत गेलेली बोटे. खेड्यांत गेलात तर मळणीयंत्र, उसाचा चरक आणि कडबा कापण्याचे यंत्र यांनीही तेच केले आहे. अशा माणसांची कागदपत्रे घेऊन मी तीस वर्षे हिंडलो. त्यांच्या तोंडून एक वाक्य इतक्या वेळा ऐकले, की त्याचा विचार करणे भाग पडले. ते वाक्य असे : "अण्णा, बोटं लई दुखत्यात." कोणती बोटे? तर जी नाहीत ती.

एक कार्डिंग खात्यातला कामगार होता. त्याचा उजवा हात कोपराखाली काढावा लागला. जखम भरून आली, टाके निघाले, सगळे म्हणाले सुटलास. पण त्याचे म्हणणे असे की, हात गेलाच नाही. तो आहे, आणि त्याची मूठ आवळलेली आहे. नखे तळव्यात रुततात. मूठ उघडावी म्हणून तो रात्र रात्र धडपडे, आणि ती उघडत नसे. घरच्यांना वाटले, अपघाताने याच्या डोक्यावर परिणाम झाला. शेजारणीने अंगारा आणला. एका कचेरीतल्या साहेबांनी कागदावरून नजर न उचलता विचारले, "हातच नाही, तर दुखते काय?" त्या दिवसापासून त्याने हे सांगणे बंद केले. दुखणे मात्र बंद झाले नाही.

श्रोतेहो, या दुखण्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे. इंग्रजीत त्यास फँटम लिंब म्हणतात. फँटम म्हणजे छाया, भूत. मराठीत कोणी 'आभासी अवयव' असे भाषांतर करतात. मला ते नाव धोक्याचे वाटते. अवयव आभासी असेल; वेदना आभासी नाही. म्हणून मी आज आपल्यापुरते 'छायाअंग' म्हणतो.

प्रथम हे लक्षात घ्या की, छायाअंग भासणे हा अपवाद नसून नियम आहे. हातपाय काढलेल्या बहुतेक सर्व माणसांना तो अवयव जागेवर असल्याची जाणीव होते, पुष्कळदा पहिल्या काही दिवसांतच. कोणाला खाज सुटते, कोणाला मुंग्या येतात, कोणाला ऊब किंवा गारवा लागतो. कोणाला बोटातली अंगठी जाणवते, मनगटावरचे घड्याळ जाणवते. काहींच्या बाबतीत तो अवयव हळूहळू आखूड होत जातो. मधला हात नाहीसा होतो आणि पंजा थेट खुंटाला चिकटल्यासारखा वाटतो. ही झाली नुसती जाणीव. तिच्यात वेदनाही असणारी माणसे, निरनिराळ्या पाहण्यांतून, शेकडा साठ ते ऐंशी निघतात. ती वेदना जळल्यासारखी, विजेच्या झटक्यासारखी, पिळवटल्यासारखी असते. काळजीने, जागरणाने, हवापालटाने ती वाढते. काहींची वर्षा-दोन वर्षांत उतरते, काहींची जन्मभर राहते.

पायाच्या बाबतीत आणखी एक संकट आहे. आज पाय काढावा लागण्याचे एक मोठे कारण यंत्र नव्हे, मधुमेह आहे. पायाची संवेदना जाते, खडा टोचलेला कळत नाही, जखम चिघळते. अशी एक बाई माझ्या माहितीत आहे. मध्यरात्री झोपेत उठली आणि नसलेल्या पायावर भार टाकून उभी राहिली. पाय तिला जाणवत होता, मग ती का उभी राहणार नाही? ती पडली आणि खुंटाची जखम पुन्हा उकलली. ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांनी कुबडी खाटेला लावून ठेवावी आणि रात्री बारीक दिवा असू द्यावा. व्याख्यानातले बाकी सर्व विसरलात तरी एवढे विसरू नका.

आता या दुखण्याचा थोडा इतिहास. अवयव नेणारी जगात दोन मोठी ठिकाणे, एक रणांगण आणि दुसरे कारखाना. त्यांत लिहून ठेवण्याची सोय रणांगणाला आधी मिळाली, कारण तेथे शल्यवैद्य होते. आपल्या सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच जातीचे शल्यवैद्य. ते १९३८ साली चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात तेथेच वारले. त्यांच्या चारशे वर्षे आधी फ्रान्समध्ये अँब्रोज पारे नावाचा असाच एक युद्धशल्यवैद्य होऊन गेला. पाय कापलेले सैनिक पुष्कळ दिवसांनंतरही त्या पायात दुखते म्हणतात, ही गोष्ट त्याने सोळाव्या शतकात लिहून ठेवली. पुढे १६४४ साली देकार्त या तत्त्वज्ञाने एका मुलीची हकीकत दिली. तिचा सडलेला हात डोळे झाकून काढला आणि तिला कळू नये म्हणून तेथे फडकी गुंडाळून ठेवली. ती मुलगी कधी या बोटात, कधी त्या बोटात दुखते म्हणून सांगत असे. देकार्तने त्यावरून बरोबर ताडले की, वेदना हाताला कळत नाही, ती मेंदूला कळते.

इंग्रजांचा दर्यासारंग नेल्सन याचा उजवा हात १७९७ साली तेनेरीफच्या लढाईत गेला. त्यालाही त्या हाताची बोटे जाणवत, आणि त्यावरून तो म्हणे की आत्मा आहे याचा हा पुरावाच होय. हात नष्ट होऊन जर उरतो, तर देह नष्ट होऊन माणूस का उरणार नाही? युक्तिवाद मोठा गोड आहे. आपल्याकडेही पुष्कळांना तो पटेल. मी त्या वादात शिरत नाही. मला आत्म्यापेक्षा त्या रात्रीच्या झोपेची अधिक काळजी आहे.

'फँटम लिंब' हे नाव १८७१ साली रूढ केले ते अमेरिकेतील सायलस वियर मिचेल या डॉक्टरने. तेथील यादवी युद्धात हातपाय गमावलेले सैनिक फिलाडेल्फियात त्याच्या देखरेखीखाली होते. नवल असे की, हा विषय त्याने आधी १८६६ साली एका मासिकातून गोष्टीच्या रूपाने मांडला, आणि तोही नाव न घालता. गोष्टीतला चारही अवयव गमावलेला मनुष्य कल्पित होता. पण वाचकांनी ती हकीकत खरी धरली आणि त्या बिचाऱ्यासाठी काहींनी पैसे पाठविले. कल्पित माणसाला पैसे मिळाले, आणि खऱ्या माणसाला आजही "दुखते काय?" असे विचारले जाते!

आता हे होते कसे? सोलापूरकरांना ते समजावयास फार सायास पडू नयेत, कारण आपण जकार्ड पाहिले आहे. चादरीवरचा मोर कोठे असतो? नवखा म्हणेल, चादरीवर. विणकर म्हणेल, पत्त्यांत. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ वर फिरते, आणि कोणता धागा उचलावयाचा, कोणता सोडावयाचा, हे ती ठरविते. समजा, ताण्याच्या एका कडेचे धागे कोणी कापून टाकले. कापडाची ती कड येणार नाही. पण पत्ते फिरतच राहतील, आणि त्या कडेचा मोराचा तुरा उचलण्याचा हुकूम वरून येतच राहील. आपले शरीर म्हणजे कापड आणि मेंदूतली नोंद म्हणजे पत्ते. शल्यवैद्य हात काढतो. हाताचे पत्ते काढीत नाही.

ही नुसती उपमा नाही. मेंदूच्या पृष्ठभागावर सर्व शरीराचा एक नकाशा असतो. कॅनडातील पेनफील्ड या शल्यवैद्याने जाग्या रोग्यांच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून हा नकाशा शोधला आणि १९३७ साली प्रसिद्ध केला. त्यात पंजाच्या शेजारी तोंडाची जागा आहे. १९९० नंतरच्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन यांनी, जे मद्रासच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयात शिकून पुढे कॅलिफोर्नियात गेले, एक साधा प्रयोग केला. हात गमावलेल्या माणसाचे डोळे बांधून त्यांनी कापसाचा बोळा त्याच्या गालावर फिरविला. तो म्हणाला, "माझ्या गालाला लागले, आणि अंगठ्यालाही लागले." तो अंगठा जगात नव्हता. गालावर आणि खुंटाच्या वर दंडावर अशा जागा सापडल्या, की जेथे स्पर्श केला असता नसलेले एकेक बोट जाणवे. रामचंद्रन यांनी अर्थ लावला तो असा : हाताची जागा रिकामी पडली, तेव्हा शेजारच्या तोंडाने तेथे अतिक्रमण केले. मोकळा प्लॉट पडला की शेजारी कुंपण सरकवितो, तसे.

पुष्कळ वर्षे हेच सर्वमान्य होते. पण शास्त्रात संपासारखे नसते; एकदा ठराव झाला म्हणून तो कायम राहत नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन माणसांचे मेंदू हात काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतरही तपासले. छायाअंगाची बोटे हलविण्याचा ते प्रयत्न करीत, तेव्हा मेंदूत उमटणारे चित्र पूर्वीसारखेच निघाले. तोंडाने ती जागा बळकावली असे दिसले नाही. म्हणजे पत्ते फारसे बदलत नाहीत, जागेवरच राहतात. हा वाद अजून चालू आहे. परंतु दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ एका गोष्टीवर एक आहेत : दुखणे खरे आहे, आणि त्याचे ठिकाण मज्जासंस्थेत आहे.

आणि वेदना का? तिची कारणे एकाहून अधिक आहेत. कापलेल्या मज्जातंतूच्या टोकाला गाठ धरते आणि तेथून खोट्या बातम्या वर जात राहतात. मज्जारज्जूतली नाडी चढलेली राहते. शिवाय मेंदू हुकूम सोडतो, 'मूठ उघड', आणि उघडल्याची वर्दी परत येत नाही. मग तो अधिक जोराने हुकूम सोडतो. माझ्या कार्डिंगवाल्याची मूठ अशी आवळलेली राहिली असावी. कुष्ठरोग्यांच्या पाहणीतून १९५६ साली एक मोठी बोधप्रद गोष्ट पुढे आली. कुष्ठरोगात जी बोटे वर्षानुवर्षे हळूहळू झिजून जातात, त्यांची छाया राहत नाही. पण उरलेले बोट शस्त्राने काढले, की छाया उमटते. जे सावकाश जाते त्याची मेंदू नोंद बदलून घेतो. जे एका क्षणात तोडले जाते, त्याचा निरोप त्याला पोहोचतच नाही.

उपाय काय? याच रामचंद्रन यांनी एक उपाय काढला आणि तो गरिबाला परवडणारा आहे. एका उघड्या पेटीत मधोमध आरसा उभा ठेवावयाचा. धड हात आरशासमोर, खुंट आरशामागे. आरशात पाहिले म्हणजे दोन्ही हात आहेत असे दिसते. मग धड हाताची मूठ सावकाश उघडावयाची, मिटावयाची. डोळ्यांना दिसते की गेलेला हात उघडला. आणि कित्येकांची वर्षांची आवळलेली मूठ तेव्हा सुटते. मेंदूला जी वर्दी हाताकडून मिळत नव्हती, ती डोळ्यांकडून मिळते. पायासाठी उभा आरसा लागतो. अमेरिकेतील वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात पाय गमावलेल्या सैनिकांवर याची परीक्षा झाली आणि २००७ साली तिचा निकाल प्रसिद्ध झाला. रोज पंधरा मिनिटे, चार आठवडे. आरशात पाहणाऱ्यांची वेदना कमी झाली. झाकलेला आरसा दिलेल्यांपैकी बहुतेकांना तो गुण आला नाही. सैनिक थोडे होते, आणि नंतरच्या परीक्षांत सर्वांनाच सारखा गुण आलेला नाही. काहींना आरशात पाहून घेरी येते, काहींना रडू कोसळते. म्हणून प्रारंभ व्यायामोपचार करणाऱ्या जाणत्या माणसासमोर करावा. पण ज्या उपायाला एक आरसा लागतो, तो करून न पाहण्यास सबब नाही.

दुसरा उपाय कृत्रिम अवयवाचा. तो वापरणाऱ्या कित्येकांचे दुखणे हलके होते, कारण मेंदूला पुन्हा काम मिळते. पुण्याचे लष्करी कृत्रिम अवयव केंद्र दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींसाठी १९४४ साली निघाले. मुंबईस हाजीअलीला १९५५ साली पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. जयपुरात १९६८ साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी असा पाय केला, की तो लावून उकिडवे बसता येते, अनवाणी चालता येते, चिखलात उतरता येते. त्यातला कारागीर शाळा फारशी शिकलेला नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. तिसरा उपाय औषधांचा. मज्जातंतूंच्या वेदनेवर चालणारी औषधे आहेत. नेहमीच्या डोकेदुखीच्या गोळ्या त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. मात्र आधी खुंट दुखतो की छायाअंग दुखते, हे डॉक्टरांनी वेगळे केले पाहिजे. कृत्रिम पाय नीट बसत नसेल किंवा गाठ असेल, तर त्याचा इलाज निराळा.

आता मी माझ्या धंद्याच्या गोष्टीकडे येतो. कामगार नुकसानभरपाईचा कायदा आपल्याकडे १९२३ साली झाला. २००९ च्या दुरुस्तीने त्याचे नाव बदलले, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो विलीन झाला. ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. त्या १९२३ च्या कायद्याला जोडून एक कोष्टक होते. कोणता अवयव गेला म्हणजे कमाईची शक्ती शेकडा किती गेली, याचे ते कोष्टक. अंगठा गेला, तीस. तर्जनी मुळापासून, चौदा. मधले बोट, बारा. अनामिका किंवा करंगळी, सात. सबंध पंजा, साठ. खांद्यापासून हात, नव्वद. तर्जनीचे एकच पेर गेले तर नऊ, आणि हाड शाबूत राहून नुसते टोक उडाले तर पाच. आमच्यासारखे लोक हे कोष्टक पाढ्यासारखे पाठ म्हणतात.

मी या कोष्टकाची निंदा करीत नाही. ते नव्हते तेव्हा मालकाच्या मर्जीवर सारे होते, आणि मर्जीपेक्षा आकडा बरा. पण गज लावून कापड मोजावे, तसे ते गेलेला भाग मोजते. जो भाग गेल्यानंतरही दुखत राहतो, त्यासाठी त्यात ओळ नाही. दोन माणसांचा पंजा गेला. एकाला शांत झोप लागते, दुसरा पहाटे तीनपर्यंत नसलेल्या बोटांना दाबू पाहतो. कोष्टकाच्या लेखी दोघे साठ.

तथापि कायदा अगदीच आंधळा नाही. ओरिसातील एका सुताराचा डावा हात कोपरावर कापावा लागला होता. कोष्टकाप्रमाणे तो पूर्ण अपंग ठरत नव्हता. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, सुताराचे काम एका हाताने होत नाही, म्हणून त्याचे नुकसान शंभर टक्के. न्यायालयाने कापलेल्या हाताबरोबर त्या माणसाचे कामही पाहिले. तोच धागा पुढे नेता येतो. दुखण्यामुळे रात्रपाळी होत नाही, यंत्रापाशी लक्ष लागत नाही, कृत्रिम हात अर्धा तासही सोसवत नाही, हेही कामाचेच नुकसान आहे. ते सिद्ध करावयाचे तर ते कागदावर असले पाहिजे. आणि कागदावर केव्हा येईल? कामगाराने सांगितले तर. तो केव्हा सांगेल? हसणार नाहीत अशी खात्री पटली तर. सगळा प्रश्न येथे येऊन थांबतो.

म्हणून माझ्या मागण्या आहेत. संघटनेच्या माणसाला मागण्यांशिवाय भाषण संपविता येत नाही. सरकारकडे मागावयाचे ते दुसऱ्या सभेत मागेन. आज आपल्याकडे मागतो.

या सभेत डॉक्टर मंडळी आहेत. त्यांना विनंती की, अवयव काढण्यापूर्वी रोग्याला हे सांगा. "हात काढल्यावर तो काही दिवस, कदाचित पुष्कळ दिवस, तेथेच आहे असे वाटेल. तुला वेड लागलेले नसेल." ही दोन वाक्ये औषधाच्या चिठ्ठीइतकीच उपयोगी आहेत. आणि रोगी दुखते म्हणाला, की कोठे, कसे, केव्हा, हे केसपेपरावर लिहा.

वकील मंडळींना आणि माझ्या संघटनेतल्या सहकाऱ्यांना विनंती की, दाव्याचा अर्ज करताना गेलेल्या बोटांबरोबर उरलेली वेदनाही लिहा. ज्याचे नाव मस्टरवर नाही अशा यंत्रमाग कामगाराचे तर आधी मस्टर सिद्ध करावे लागते, मग हात. तरीही लिहा.

मालक मंडळींना एवढेच की, पट्ट्यावरची जाळी आणि दात्यांवरचे झाकण हा या दुखण्यावरचा सर्वांत स्वस्त आणि हमखास उपाय आहे. त्याला आरसाही लागत नाही.

आणि घरच्या माणसांना, विशेषतः आयाबहिणींना, कारण रात्री जागणाऱ्या त्याच असतात. तो नसलेला हात दुखतो म्हणाला, तर "नाही तिथं कसं दुखेल?" असे म्हणू नका. "कुठं दुखतंय?" असे विचारा. तो बोट दाखवील त्या रिकाम्या जागेकडे नीट पाहा. पुष्कळांना खुंटावर हलक्या हाताने चोळल्याने, शेकल्याने थोडा उतार पडतो, करून पाहा. मधुमेही माणसाचे तळपाय रोज रात्री दिव्यापाशी तपासा, म्हणजे हे सारे ऐकण्याची वेळच येणार नाही.

  सभा संपल्यावर मी खाली बाकावर बसणार आहे. आपल्या घरी, शेजारी, वस्तीत असे कोणी असेल आणि त्याने आजवर हे कोणाला सांगितले नसेल, तर त्याला माझ्याकडे पाठवा. कागद मी बरोबर आणला आहे.